जुनी स्पोर्ट्स गाडी : पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये

वेवजीसारख्या सीमेवरच्या गावात जुनी गाडी घेणाऱ्याला दोन बाजार मोकळे असतात. एक आपल्या पालघर जिल्ह्याचा, दुसरा पलीकडचा उंबरगाव-वापीचा. धंद्यात दोन पैसे जमले, की घरातली तरणी मुले स्पोर्ट्स गाडीचा विषय काढतात. गाडी दारात येण्याआधीच तिला रुंद चाके, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि मागे पंख लावायचे ठरलेले असते. आम्ही कापडवाले, इंजिनातले उस्ताद नव्हे. पण जुन्या मालावर किती खर्च केला तर तो अंगावर येत नाही, हा हिशेब आम्ही रोज करतो.

आपल्या देशात अशा गाड्या थोड्याच बनल्या. सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ १९९८ साली आली. दोन आसने, उघडे टप, फायबरची बॉडी, रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन आणि ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. रूप शर्यतीचे, ताकद घरगुती. अशी गाडी हाती आली, की पहिला मोह इंजिनाची ताकद वाढवण्याचा होतो. तो आवरावा. वाढीव ताकद जुना क्लच, जुना गिअरबॉक्स आणि जुने ब्रेक यांच्यावरच पडते. फायबर गंजत नाही हे खरे, पण खालचे लोखंड गंजते, आणि आपल्याकडे खारा वारा व चार महिने पाऊस. म्हणून सौदा करण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून चेसिस पाहावी. बॉडीचा तुटका भाग बाजारात मिळेलच असे नाही. तो फायबरच्या कारागिराकडून घडवून घ्यावा लागतो.

पहिला पैसा टायरवर. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. जुनी शौकाची गाडी बहुधा उभीच असते, त्यामुळे नक्षी शाबूत पण रबर कडक, असा टायर हमखास सापडतो. तो ओल्या रस्त्यावर दगा देतो. मग ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते व रबरी नळ्या बदलाव्यात. त्यानंतर शॉकअप आणि बुश. एवढ्यानेच गाडी वळणावर नव्यासारखी वागू लागते, आणि बाहेरून कुणाला काही दिसतही नाही! मुलांची नाराजी असते ती याचीच.

सीट बेल्टची पट्टी विरली असेल तर तीही बदलावी. आपल्या याच मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, चारोटीजवळ, ४ सप्टेंबर २०२२ रोजी सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, परंतु मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, आणि ते दोघेही वाचले नाहीत.

आता कायद्याचे. कारखान्यातून आलेल्या गाडीचे मूळ स्वरूप बदलता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अपघातानंतर विमा कंपनीही असे बदल शोधतेच.

गुजरातची गाडी स्वस्त दिसते. पण तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र हवे, परराज्यातली गाडी नावावर करण्याचा अर्ज ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घेऊन इथला करही भरावा लागतो. ही रक्कम सौद्याच्या किमतीतून आधीच वजा करावी.

राहिली गादी, म्हणजे आमचा प्रांत. उघड्या टपाच्या गाडीत रेक्झिन उन्हात चटके देते, आणि साधे सुती कापड पावसात भिजले की आतला फोम कुजतो. जाड विणीचे सिंथेटिक कापड घ्यावे, कव्हर धुण्यासाठी काढता येईल असे शिवून घ्यावे, आणि काढलेले मूळ कव्हर फेकू नये. पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागते.