लेहमध्ये निघाली आपली हवा!

रोज जिम, दर रविवारी सिंहगड. त्यामुळे लेहच्या विमानतळावर उतरलो तेव्हा कॉलर टाइट होती. हॉटेलचा दुसरा मजला चढलो आणि सगळा माज उतरला! धाप, डोक्यात घण, रात्रभर झोप नाही. ग्रुपला दुसऱ्याच दिवशी खार्दुंग ला गाठायचं होतं. हॉटेलवाल्या काकांनी दरडावलं : दोन दिवस पडून राहा, शरीराला वेळ द्या. मुकाट ऐकलं.

पण वेळ कशासाठी? घरी आल्यावर वाचत बसलो आणि प्रकरण एकदम भारी निघालं.

लेह साधारण ३,५०० मीटरवर. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच, पण हवेचा दाबच कमी. त्यामुळे एका श्वासात मिळतो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. आपल्या पेशी 'हिफ' नावाचं प्रोटीन सतत बनवतात आणि काही मिनिटांत मोडूनही टाकतात! ऑक्सिजन भरपूर असला की काही एन्झाइम्स तोच ऑक्सिजन वापरून हिफवर खूण करतात. खूण दिसली की 'व्हीएचएल' नावाचं प्रोटीन त्याला भंगारात धाडतं. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही. मग हिफ साठतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि शेकडो जीन्सचे स्विच ऑन करतं. नव्या रक्तवाहिन्या, कमी ऑक्सिजनमध्ये ऊर्जा आणि मुख्य म्हणजे किडनीतून 'ईपीओ' : लाल रक्तपेशी वाढवा, असा थेट निरोप. ईपीओ काही तासांतच वाढतं. रक्तपेशी वाढायला मात्र बरेच दिवस जातात. हा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

'ईपीओ' वाचलं आणि थबकलो. बाबांचं डायलिसिस सुरू आहे. फ्रिजमधली त्यांची इंजेक्शनं हीच की! थकलेली किडनी पुरेसं ईपीओ बनवत नाही, म्हणून त्यांचं हिमोग्लोबिन सारखं घसरतं. माझ्या शरीराने लेहमध्ये जे फुकटात केलं, त्यासाठी बाबा सुई टोचून घेतात.

आता हिफला मोडू न देणाऱ्या गोळ्याही आल्यात. अहमदाबादच्या झायडसच्या डेसिड्युस्टॅटला भारतात २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. बाबांना ती चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील. पण पुढच्या व्हिजिटला विचारणार नक्की.

आणि हो, पुढच्या लेह ट्रिपला पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं. आत काम चालू असतं, बॉस!