ब्रेक के बाद!

मायलेजवर आपण कॅन्टीनमध्ये तासन् तास बोलतो. टायर, हेडलाइट, सायलेन्सरचा आवाज, सगळ्यावर आपली मतं असतात. ब्रेकबद्दल मात्र एकच प्रश्न: लागतोय ना? झालं तर मग!

माझ्या बाइकचा पुढचा डिस्क ब्रेक लागत होता, सुटत नव्हता. पावसाळा संपता संपता बाइक ढकलायला जड जायला लागली. ऑफिसला पोचेपर्यंत डिस्क चांगलीच तापायची. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, अख्खा कॅलिपरच बदला." मी नाना पेठेतून सील किट आणलं. हीच बाइक घेऊन धाकटी बहीण आठवड्यातून दोनदा कात्रजचा घाट उतरते, त्यामुळे 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणायची सोयच नव्हती.

गंमत म्हणजे, पिस्टन मागे ओढायला आत स्प्रिंग नसतेच. ते काम एक चौकोनी कडांचं रबरी सील करतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर किंचित मुडपतं. लीव्हर सोडला की ते सरळ होता होता पिस्टनला मागे घेतं. जेमतेम केसभर! सीलच्या खाचेत गंज आणि मळ साचला की हा खेळ बिघडतो, पॅड डिस्कला घासत राहतात.

कॅलिपर खोलून पॅड काढा, पण पाइप इतक्यात सोडवू नका. लीव्हर हळूहळू दाबत राहिलात की पिस्टन आपणहून बाहेर येतो. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह नको, पिस्टन गोळीसारखा सुटतो. खाच साफ करायला मी अगरबत्तीची काडी वापरली. स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडे पडतात. पिस्टनच्या क्रोमला खड्डे दिसले तर पॉलिश पेपर घासत बसू नका, नवा घ्या. पेट्रोल आणि साधं ग्रीस या रबराचे वैरी. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवायचं. सरकपिनांना सिलिकॉन ग्रीस, पाइपच्या बोल्टला नवे तांब्याचे वॉशर.

आणि हे 'ऑइल' मुळात ऑइल नव्हेच. डॉट 4 ग्लायकॉलवर आधारलेलं असतं, हवेतली ओल शोषतं. नवं असताना ते किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की प्रमाण मर्यादा 155 वर येते. घाटात ते उकळलं तर वाफ होते आणि लीव्हर थेट मुठीला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. टाकीवर सांडलं तर रंग गेलाच समजा!

हवा काढायला मात्र दोघं लागतात. "दाब... धर!" म्हटलं की निप्पल सैल करायचं, परत आवळायचं, मगच "सोड". बहीण तिसऱ्या मिनिटाला वैतागली. भारतात 2019च्या एप्रिलपासून 125 सीसीहून मोठ्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं आहे. त्यातल्या काहींची हवा काढायला सर्व्हिस सेंटरचं यंत्र लागतं, तिथे हट्ट करू नका.

चाक उचलून हाताने फिरवा. मोकळं फिरलं, लीव्हर घट्ट लागला आणि कुठेही ओल दिसली नाही, की आधी पार्किंगमध्येच सावकाश दहा-बारा ब्रेक मारून बघा. गेटबाहेर त्यानंतर.