बांधकाम नियमनाची सुधारणा आणि ग्रामीण वास्तव : नागरा गावाच्या संदर्भात

प्रस्तावना :
नागरा हे गोंदिया शहरालगतचे, प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे गाव आहे. शेकडो वर्षांपूर्वीचे दगडी बांधकाम आणि आजचे सिमेंट-काँक्रीटचे घर यांत एक मूलभूत फरक आहे. दगडाचा कस डोळ्यांना दिसतो व हाताला जाणवतो. काँक्रीटचा कस मात्र ओतल्यानंतर दिसेनासा होतो. स्तंभात किती सळया घातल्या, पाणी किती मिसळले, हे गिलावा झाल्यावर घरमालकालाही कळत नाही. म्हणूनच आधुनिक बांधकामाला नियमन व पर्यवेक्षण आवश्यक ठरते. महाराष्ट्रात या क्षेत्रात झालेल्या सुधारणा शहरालगतच्या गावापर्यंत कितपत पोहोचतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमनाची विद्यमान चौकट :
महाराष्ट्रात बांधकाम नियमनाचे तीन प्रमुख प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह नियोजनाचा होय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकासकामास परवानगी घ्यावी लागते, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 मध्ये गावातील इमारतीसाठी पंचायतीच्या पूर्वपरवानगीची तरतूद आहे. दुसरा प्रवाह ग्राहक संरक्षणाचा. स्थावर संपदा अधिनियम, 2016 अन्वये 2017 मध्ये महारेरा प्राधिकरण स्थापन झाले. ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे आणि ताबा दिल्यापासून 5 वर्षांपर्यंत संरचनात्मक दोषांची जबाबदारी घेणे विकासकावर बंधनकारक झाले. तिसरा प्रवाह तांत्रिक मानकांचा असून काँक्रीट बांधकामासाठी आय.एस. 456:2000 ही संहिता मार्गदर्शक आहे.

सुधारणांची दिशा व मर्यादा :
वरील चौकटीतील अलीकडच्या सुधारणांचा रोख मुख्यतः परवानगी सुलभ करण्याकडे आहे. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने राज्यातील बहुतांश भागासाठी एकच नियमसंच आणला. जोखमीवर आधारित वर्गीकरणानुसार 150 चौ.मी. पर्यंतच्या भूखंडावरील घराला परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या स्वाक्षरीची कागदपत्रे पुरेशी मानली गेली. सामान्य नागरिकाची पायपीट कमी झाली, हे या सुधारणेचे श्रेय मान्य करावेच लागेल.

तथापि, येथेच एक पोकळी निर्माण होते. 500 चौ.मी. पर्यंतच्या जमिनीवरील किंवा 8 सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना महारेराच्या नोंदणीची सक्ती नाही. स्वतःसाठी बांधलेल्या घराचा तर तेथे प्रश्नच येत नाही. ग्रामपंचायतीकडे स्वतःचा अभियंता नसतो. ग्रामसेवक, म्हणजे 2024 पासूनचे ग्रामपंचायत अधिकारी, कागदपत्रे पाहू शकतात. सळईचा व्यास तपासणे हे त्यांचे प्रशिक्षण नव्हे. उरते ते तांत्रिक व्यक्तीचे प्रमाणपत्र. परंतु त्या व्यक्तीचे मानधन मालकच देतो. ज्याचे काम तपासायचे त्यानेच तपासनीस निवडावा, अशी ही रचना आहे.

दुर्घटनांचा बोध :
4 एप्रिल 2013 रोजी ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याजवळ शिळफाटा परिसरातील अनधिकृत इमारत बांधकाम सुरू असतानाच कोसळून 74 जणांचा बळी गेला. तेथे परवानगीच नव्हती. याउलट, 24 ऑगस्ट 2020 रोजी रायगड जिल्ह्यातील महाड या लहान नगर परिषदेच्या शहरात अवघ्या काही वर्षांपूर्वीची तारिक गार्डन ही इमारत कोसळून 16 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर विकासकासह वास्तुविशारद, संरचना सल्लागार व नगर परिषदेशी संबंधित व्यक्तींवर गुन्हा नोंदवण्यात आला. न्यायालयीन जबाबदारी हा स्वतंत्र विषय होय. नियमनाच्या दृष्टीने बोध इतकाच की, गुन्हा दुर्घटनेनंतर नोंदवला जातो, तर सळई वाकवली जात असतानाच ती पाहावी लागते.

गावातच उपलब्ध असलेला आदर्श :
यावर उपाय शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण अंतर्गत किमान 25 चौ.मी. च्या घरकुलाचे अनुदान एकरकमी मिळत नाही. बांधकामाच्या टप्प्यांनुसार स्थळनिर्देशित छायाचित्रे नोंदवल्यावर पुढील हप्ता मिळतो. या तपासणीचा हेतू प्रामुख्याने निधीच्या विनियोगाचा आहे, बळकटीचा नव्हे, हे खरे. तरीही विरोधाभास लक्षणीय आहे. एका खोलीचे घरकुल टप्प्याटप्प्याने पाहिले जाते. त्याच गल्लीतील दुमजली घर मात्र कोणीही पाहत नाही.

सुधारणेची संभाव्य रूपरेषा :
1) टप्पानिहाय नोंद : पाया, जोते आणि प्रत्येक स्लॅब या टप्प्यांवर काँक्रीट ओतण्यापूर्वी सळयांचे स्थळनिर्देशित छायाचित्र पंचायतीकडे जमा व्हावे.
2) स्वतंत्र तपासनीस : पात्र अभियंत्यांची तालुकास्तरीय यादी करून तपासनिसाची नेमणूक सोडतीने व्हावी. मालकाने शुल्क पंचायतीत भरावे. तपासनिसाला ते थेट देऊ नये. यामुळे हितसंबंधांचा प्रश्न कमी होईल व ‘परवाना राज’ परत येण्याची भीतीही मर्यादित राहील.
3) काँक्रीटची चाचणी : सुमारे 100 चौ.मी. क्षेत्राच्या व 12 सें.मी. जाडीच्या स्लॅबला 12 घनमीटर काँक्रीट लागते. आय.एस. 456 नुसार एवढ्या काँक्रीटसाठी 2 नमुने, म्हणजे प्रत्येकी 3 याप्रमाणे 6 घन घेऊन त्यांची 28 दिवसांनी चाचणी करावी लागते. हा भार फार मोठा नाही.
4) गवंडी प्रशिक्षण : उष्ण व कोरड्या हवामानात काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी देण्याची शिफारस आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात या एका बाबीकडे झालेले दुर्लक्ष चांगल्या सिमेंटलाही निरुपयोगी ठरवू शकते.

तिसऱ्या व चौथ्या मुद्द्यांत महाविद्यालयांचा सहभाग शक्य आहे. जिल्ह्यातील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये आपल्या प्रयोगशाळा माफक शुल्कात गावांना खुल्या करू शकतील. वाणिज्य व सामाजिक शास्त्रांचे विभाग परवानगी प्रक्रियेचे सर्वेक्षण हाती घेऊ शकतील.

समारोप :
परवानगी सोपी करणे ही सुधारणेची पहिली पायरी होती व ती आवश्यकच होती. परंतु कागदावरील तपासणी जितकी कमी होते, तितकी जागेवरील तपासणी वाढली पाहिजे, अन्यथा सुलभतेची किंमत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला मोजावी लागते. नागऱ्यासारख्या गावात घर ही बहुधा एका आयुष्याची कमाई असते. त्या कमाईचा भार पेलणारा स्तंभ झाकला जाण्यापूर्वी एका जाणत्या व त्रयस्थ व्यक्तीने पाहावा, एवढी किमान हमी नियमनाने द्यावयास हवी.