सीमेपलीकडील यात्रेकरूंची गणना

बंगळूरहून मुंबईकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ चित्रदुर्ग, हुबळी व बेळगाव ही शहरे मागे टाकून निपाणीच्या पुढे महाराष्ट्रात प्रवेश करतो. तेथे कोणी पारपत्र पाहत नाही. तरीही ही सीमा साधी नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून बेळगाव व भोवतालच्या मराठी भाषिक प्रदेशाचा वाद चालत आला आहे. डिसेंबर १९२२ नव्हे, अगदी अलीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये वाहनांवर दगडफेक झाली आणि एस.टी.च्या फेऱ्या काही काळ थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरहून मुंबईस निघालेल्या एस.टी. बसवर चित्रदुर्ग येथे हल्ला झाला व पुन्हा तोच प्रकार घडला. अशा वेळी सौंदत्तीच्या यल्लमादेवीस जाणारे कोल्हापूरकडील भक्त आणि पंढरपूर-कोल्हापूरला येणारे कन्नड भाविक किती घटतात, हे कसे मोजावे?

प्रथम प्रवासी कोणास म्हणावे हे ठरवावे लागते. आपल्या नित्याच्या परिसराबाहेर जाणारा तो पर्यटक, अशी सर्वमान्य व्याख्या आहे. निपाणीचा व्यापारी सुमारे ४० किलोमीटरवरील कोल्हापूरच्या पेठेत दर आठवड्यास जात असेल, तर त्याने राज्य ओलांडले तरी तो पर्यटक ठरत नाही. गाडीच्या क्रमांकावरूनही फसगत होते. तो क्रमांक गाडीची नोंदणी कोठे झाली एवढेच सांगतो, आत बसलेल्याचे घर नव्हे. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी उघडलेल्या कर्तारपूर मार्गावर प्रत्येक यात्रेकरूची नोंद एकाच दारात होत असे. येथे तसे दार नाही. म्हणून दोन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांच्या तिकीटनोंदी एकत्र लावून पाहाव्या लागतात, आणि बेळगावच्या गाड्यांची नोंद बंगळूरला नव्हे तर हुबळीच्या वायव्य कर्नाटक महामंडळाकडे असते हे नवख्या अभ्यासकास ठाऊक असावे लागते.

नोंदवह्या मात्र कारण सांगत नाहीत. ते माणसांनाच विचारावे लागते, आणि विचारणाऱ्याच्या तोंडून ‘बेळगाव’ निघाले की ‘बेळगावी’, एवढ्यावरून ऐकणारा त्याचा पक्ष ठरवून मोकळा होतो. यास्तव विचारणारा दोन्ही भाषा जाणणारा हवा, व गावाचे नाव उत्तर देणाऱ्याने घेतले असेल तेच त्याने पुढे वापरावे.

याहून मोठी चूक बसस्थानकावर उभे राहून केवळ प्रवाशांनाच विचारण्यात आहे. जो भीतीने निघालाच नाही, तो तेथे भेटणार कसा? त्याच्या घरीच जावयास हवे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने जुलै २०१४ ते जून २०१५ या काळात देशांतर्गत पर्यटनाची माहिती कुटुंबांना भेटूनच मिळविली होती.

घरी गेल्यावरही ‘भीतीमुळे यात्रा रद्द केली काय?’ या प्रश्नास खरे उत्तर मिळेलच असे नाही. येथे एक युक्ती उपयोगी पडते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ साली मांडलेल्या कल्पनेचे ते पुढील रूप होय. उत्तर देणाऱ्याने आडोशाला फासा टाकावा. एक पडल्यास ‘होय’ म्हणावे, सहा पडल्यास ‘नाही’ म्हणावे, अन्यथा खरे सांगावे. समजा, ६०० जणांपैकी २२० जण ‘होय’ म्हणाले. त्यांतील सुमारे १०० ‘होय’ फाशाचे; उरले १२०. खरे उत्तर देणारे सुमारे ४००. म्हणजे यात्रा रद्द करणारे शेकडा ३० निघाले. पण त्यांतील कोणता एक माणूस भ्याला होता, हे विचारणाऱ्यासही कळले नाही. खेळासारखी वाटणारी ही रीत महाग पडते, कारण फाशामुळे येणारी अनिश्चितता भरून काढण्यास अधिक माणसे विचारावी लागतात. परंतु उद्या गावात तंटा झाला आणि कोणी तो कागद मागितला, तर त्यावरून कोणाच्याही दारावर बोट ठेवता येत नाही.