भरतीचा अर्ज केला, पुढे काहीच नाही?

सरकारी भरतीत अर्ज करून महिने उलटले, तरी उत्तर नाही? झुरत बसू नका, माहिती अधिकारात अर्ज करा. माहिती अधिकार कायदा, 2005 नुसार जन माहिती अधिकाऱ्याने त्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर द्यायलाच हवे. महाराष्ट्रात या अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा (दारिद्र्यरेषेखालच्यांना तो माफ). मजकूर एकाच विषयाचा, 150 शब्दांच्या आत. ‘मला का डावललं?’ असं विचारू नका, तिथंच गाडी अडते. नोंदी मागा: माझा भरतीचा अर्ज कोणत्या तारखेला आवक झाला, छाननीत पात्र की अपात्र, शेरा काय, त्या पानाची प्रत. तरीही उत्तर नाहीच, तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील. खासगी कंपन्यांकडून मात्र असं उत्तर थेट मागता येत नाही. अर्जाची शिक्का मारलेली पोच जपून ठेवा.