तारेची दोन टोके

शेजारी देशांचे वीजजाळे एकमेकांस जोडले, तर हवापाण्यावर काय परिणाम होतो? प्रश्न दूरचा वाटतो खरा. पण मावळातल्या माणसास तो समजून घेण्यासाठी सरहद्दीवर जावयास नको. लोणावळ्याच्या तलावाकाठी उभे राहिले तरी पुरे.

१९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडावयाचे, त्याच्या जोरावर चक्रे फिरवावयाची आणि निघालेली वीज तारेने मुंबईच्या गिरण्यांस पुरवावयाची, अशी ही योजना. कोळसा वाचला. गिरणगावातल्या कामगाराच्या छातीत जाणारा धूर तेवढा कमी झाला, आणि आम्ही कामगार चळवळीतली माणसे हा लाभ कधीही कमी लेखणार नाही. परंतु जे पाणी इंद्रायणीवाटे पूर्वेस भीमेकडे जावयाचे, ते पाताळगंगेत उतरून पश्चिम समुद्राकडे वळले. पुढे १९२२ साली आंध्रा खोऱ्यातले पाणी भिवपुरीस उतरून उल्हास नदीकडे गेले. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांनी शेतकऱ्यांसह सत्याग्रह केला, तो वरच्या टोकाला जमीन बुडत होती म्हणून. धरण व्हावयाचे ते झालेच.

तार उजेड नेते. धूर, राख आणि बुडालेली जमीन जेथल्या तेथे राहते.

आता देशांकडे वळू. भूतानच्या चुखा व ताला येथील जलविद्युत भारतात येते, तेव्हा तेवढा कोळसा जाळावा लागत नाही. हिवाळ्यात तेथल्या नद्यांचे पाणी घटते व भूतान आपल्याकडून वीज घेतो. ती बरीचशी कोळशाची असते. तार तीच, पण ऋतूगणिक तिचे गुण पालटतात. २०२४ साली नेपाळची ४० मेगावॅट जलविद्युत भारतीय तारांवरून बांगलादेशास पोहोचली. उलट झारखंडात गोड्डा येथे १६०० मेगावॅटचे कोळशाचे वीजघर बांगलादेशासाठी उभारले गेले आणि २०२३ पासून तेथली वीज सीमेपलीकडे जाऊ लागली. दिवा एका देशात, राखेचा ढीग दुसऱ्या! करारात मेगावॅट आणि दर यांचा घोळ पुष्कळ चालतो. राखेचा धनी कोण, हे मात्र गावकऱ्यांनाच विचारावे लागते.

जोडणीचा खरा फायदा वेगळाच आहे. दोन प्रदेशांची निकड एकाच घटकेस येत नाही, म्हणून अडीअडचणीसाठी तापवून ठेवलेली वीजघरे कमी लागतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उरलेल्या भारताशी जोडले गेले, तेव्हा ही सोय देशभर झाली.

हा विषय फिरून आमच्याच तालुक्यात येतो. २०२३ साली शिरोता येथे १८०० आणि भिवपुरीस १००० मेगावॅटच्या उदंचन योजनांसाठी राज्य सरकारशी करार झाला. उदंचन म्हणजे वीज शिलकी असताना पाणी वर चढवावयाचे आणि निकडीच्या वेळी तेच खाली सोडावयाचे. अशा योजनेत चढविण्यास चार युनिटे खर्चावी, तर तीन-सव्वातीन परत मिळतात. ती चार युनिटे दुपारच्या उन्हाची असतील तर सौदा चांगला. कोळशाची असतील तर धूर वाढेल. ती कोठून येतील हे तारेचे जाळे किती दूर पोहोचते यावर ठरेल, आणि बोगद्यांचा दगड-मुरूम कोठे टाकणार हे मावळातच ठरावयाचे आहे.