सुगंधी पाणी, लेखांक ४ : अर्कामागचे पाणी
गेल्या आठवड्यात अर्क कसा निघतो ते पाहिले. भांड्यात फुले किंवा पाला, खाली जाळ, वाफ नळीवाटे थंड भांड्यात. वर तरंगते ते तेल, खाली राहते ते सुगंधी पाणी. हा धंदा जव्हार-मोखाड्यात करावा, असे सुचवणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. आंबा-काजूच्या वाड्यांच्या जोडीने इथे मोगरा लागला, कळ्या पहाटे खुडून दादरच्या फूलबाजारात जाऊ लागल्या, काही घरांचे स्थलांतर थांबले. मात्र भाव पडला की कळी मातीमोल होते. मग तिचा अर्क काढावा आणि शिरपामाळावर येणाऱ्या पर्यटकांना ‘उन्हाळ्याचे आरोग्यजल’ म्हणून विकावा. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहांनी त्यांच्या शिरपेचात तुरा खोवला, असे सांगतात तो हा माळ. गिऱ्हाईक तिथे मिळेलही. पण या बेतात ऋतूच चुकला आहे.

एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी होताना सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. ती शोषणारे नळीभोवतीचे पाणी ३० अंशांनी तापू दिले तरी लिटरभर अर्कामागे १८ ते २० लिटर पाणी खर्ची पडते. मोगऱ्याचा भर असतो तो उन्हाळ्यात, आणि त्याच एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. नळी थंड करणारे तेच पाणी हौदात फिरवून वापरता येईल, हा आक्षेप रास्त आहे, पण दिवसाला ५० लिटर अर्क काढायचा तर हजार लिटरचा हौद आधी भरावा लागेल आणि रात्रीत निववावाही लागेल. शिवाय साध्या चुलीवर लिटरमागे किलोभर लाकूड जळेल, ते वेगळेच. एवढे करून मोगऱ्याचा नाजूक वास उकळत्या वाफेत पुरता टिकत नाही.

गवती चहाचे गणित निराळे आहे. तो पावसावर पोसतो, आश्विनात कापता येतो, तेव्हा ओढे वाहते असतात. तेलाचे पैसे मुख्य, सुगंधी पाणी वरकड. त्याला औषध म्हणण्याचा मोह मात्र इथेही आवरावा. आयुर्वेदात अर्काला मान आहे, ‘अर्कप्रकाश’ हा ग्रंथ तर रावणाच्या नावावर सांगतात, हे खरे. पण परंपरेतला अर्क ठरावीक द्रव्यांचा, ठरावीक मात्रेत, वैद्याच्या सल्ल्याने घ्यायचा. माळावर विकत घेतलेली बाटली त्या मान्यतेवर हक्क सांगू शकत नाही. गवती चहाच्या तेलाने प्रयोगशाळेत जंतू मरतात, याचा दाखलाही पाण्याला लावता येत नाही, कारण तेलातला जंतू मारणारा घटक, सिट्रल, पाण्यात फारच थोडा विरघळतो. पावसाळी सर्दीत बरे वाटते त्याचे बरेचसे श्रेय गरम वाफेला आणि गरम घोटाला जाते. आले घालून उकळलेला गवती चहा ते काम कमी खर्चात करतो. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ असे कोणी म्हणेल, तर परिरक्षक नसलेल्या पाण्यात बुरशी आणि जिवाणू सहज वाढतात. म्हणून बाटली निर्जंतुक हवी, तिच्यावर पाणी काढल्याची तारीख हवी, ती उन्हात मांडू नये, आणि तिच्यावर ‘अंगावर शिंपडण्याचे सुगंधी पाणी’ एवढेच लिहावे.